तिसरीच्या धर्मशिक्षणाच्या तासाला काय करू?

पत्र, थोडक्यात: वसईच्या किनारपट्टीवरच्या एका कॅथलिक मराठी प्राथमिक शाळेत मी नुकतीच लागले. डी.एड. झालंय, स्वतः कॅथलिक आहे, पण धर्मशिक्षण शिकवण्याचं प्रशिक्षण नाही. सिस्टरांनी तिसरीचा हा विषय माझ्याकडे दिलाय. आठवड्याला ३५ मिनिटांचे २ तास. पट ४१, त्यांतली २४ मुलं कॅथलिक. सगळ्या प्रार्थना धडाधड म्हणतात, अर्थ विचारला की गप्प. गेल्या आठवड्यात एका हिंदू पालकांनी तक्रार केली, की आमचा मुलगा घरी क्रूसाची खूण करतो. सिस्टरांना ५० गुणांची लेखी परीक्षा हवी आहे. फादर म्हणतात, कम्युनियनची (चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची) तयारी रविवारी चर्चमध्येच होईल. मग मी शिकवायचं तरी काय? ता. क. हुतात्मा संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट इतक्या लहान मुलांना सांगावी का?

टीचर,

आधी त्या पालकांचं बघू. बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे नाही. त्यांची तक्रार रास्त आहे. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुठल्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर संमती लागते, आणि विद्यार्थी सज्ञान नसेल तर ती पालकांनी द्यायची असते. कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना आपली शाळा काढता येते, चालवता येते, पण दुसऱ्याच्या मुलाला न विचारता प्रार्थनेला बसवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

प्रवेश अर्जाच्या मागे बारीक अक्षरात 'शाळेचे सर्व नियम मान्य' अशी एक ओळ असते. तिच्यावर विसंबू नका. सिस्टरांशी बोलून अर्ध्या पानाचं वेगळं संमतीपत्र करून घ्या, साध्या मराठीत. तास कधी, आठवड्याला किती, काय शिकवणार, तासाला न बसणारं मूल त्या वेळी कुठे आणि कोणाजवळ असेल, आणि संमती केव्हाही मागे घेता येईल, एवढं त्यात हवं. पत्र ४१ च्या ४१ घरी जाऊ द्या, कॅथलिकांच्या घरीसुद्धा. १७ जणांनाच दिलंत तर कोण 'वेगळं' आहे ते दप्तरातून बाहेर पडणाऱ्या कागदावरून वर्गाला कळतं. शिवाय आई कॅथलिक आणि वडील हिंदू अशी घरं तुमच्या पटावर असतील, तुम्हाला माहीत नसतील इतकंच.

त्या १७ मुलांना व्हरांड्यात बसवून 'शुद्धलेखन करा' म्हणणं हा नेहमीचा घोटाळा. मूल त्यातून शिकतं ते एवढंच, की आपल्याला बाहेर काढलं. तिसरी आणि चौथीचा धर्मशिक्षणाचा तास एकाच वेळी लावून घ्या, म्हणजे मोकळी असलेली एकच शिक्षिका दोन्ही वर्गांतल्या उरलेल्या मुलांचं मूल्यशिक्षण घेऊ शकते. त्या तासालाही पुस्तक, वही, नियोजन हवं. तो रिकामा तास असला की पालकांना बरोबर वास येतो.

त्या मुलाने क्रूसाची खूण तुमच्या तासाला नाही, परिपाठात उचलली असणार. ४० हात एकदम कपाळाकडे जातात तेव्हा ४१ वा हातही जातो. परिपाठाची प्रार्थना सगळ्यांना म्हणता येईल अशी ठेवा आणि क्रूसाची खूण तुमच्या तासापुरती. ज्यांना म्हणायचं नाही त्यांनी शांत उभं राहिलं तरी पुरे. केरळातल्या शाळेत राष्ट्रगीत न म्हणता आदराने उभ्या राहणाऱ्या मुलांना काढून टाकलं होतं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांच्या बाजूने निकाल दिला होता. राष्ट्रगीताला जे चाललं ते प्रार्थनेला न चालायला काय झालं?

पालकांना उत्तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देऊ नका. शाळेत बोलवा, सिस्टरांना बसवा, परिपाठात काय बदललं ते सांगा. आणि मुलाला 'तू नको करू' असं वर्गात म्हणू नका. घरचे सांगतील. आठ वर्षांच्या पोराच्या कपाळाला हात लागला म्हणून कुणाचा धर्म बदलत नाही, पण चारचौघांत हात खाली ओढला तर त्याच्या लक्षात राहतं.

आता फादरांचं. ते बरोबर बोलतायत, आणि त्यांच्या बोलण्याने तुमचं ओझं हलकं होतंय. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, कलम ९१४ प्रमाणे पहिल्या कम्युनियनची तयारी ही आधी आईवडिलांची आणि धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांची जबाबदारी. मूल तयार आहे की नाही हेही फादरांनीच बघायचं. शाळेचं नाव त्या यादीत नाही. तुमच्या २४ मुलांत तीन-चार धर्मग्रामांची मुलं असतील आणि प्रत्येक ठिकाणची कम्युनियनची तारीख वेगळी. शाळेने स्वतंत्र तयारी सुरू केली की मुलाला दोन वेगळे पाठ, दोन वेगळ्या सूचना मिळतात आणि वेदीसमोर ते गोंधळतं. कम्युनियनसारख्या संस्कारांची तयारी चर्चची, गोष्टी आणि शब्दांचा अर्थ तुमचा, अशी वाटणी करून टाका. फादरांकडून दोनच गोष्टी मागून घ्या: रविवारच्या वर्गाची महिनावार यादी आणि प्रार्थनांचा छापील पाठ. 'बाप्तिस्मा झालेल्यांनी हात वर करा' असं मात्र वर्गात विचारू नका. ते दाखल्यांवरून ऑफिसात बघता येतं.

छापील पाठ कशाला, तर प्रार्थनांची मराठी रूपं एकसारखी नाहीत. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' घ्या. एका घरात 'अपराधांची क्षमा कर' म्हणतात, तर प्रोटेस्टंट आजी असलेल्या घरात 'ऋण सोड'. शेवटचं 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही तुझी आहेत' कॅथलिक मुलं प्रार्थनेला जोडून म्हणत नाहीत, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ते थोडं पुढे येतं. वर्गात दोन पाठ ऐकू आले तर एकाला चूक ठरवू नका. 'तुझ्या घरी असं म्हणतात, आपण इथे असं म्हणतो' एवढंच.

मुलं अर्थ विचारला की गप्प का होतात, याचं कारण भाषेत आहे. घरात कादोडी, वाडवळी नाहीतर कोळी बोली, आणि प्रार्थनेत 'पवित्र मानले जावो'. हे वाक्य प्रमाण मराठी बोलणारं आठ वर्षांचं मूलही रोजच्या बोलण्यात कधी वापरत नाही. म्हणून अर्थ विचारून सुरुवात करू नका, त्याने मुलाला फक्त आपल्याला येत नाही हे कळतं. या प्रार्थनेत ७ मागण्या आहेत. आठवड्याला एक, ७ आठवडे. 'आमची रोजची भाकर' चा आठवडा आला की फळ्यावर भाकर काढा आणि विचारा, तुमच्याकडे कशाची? तांदळाची, असं निम्मा वर्ग ओरडेल. सकाळी ती कोण थापतं? पीठ संपलं तर कोणाकडून आणता? मग फळ्यावर 'माझी' लिहा, खोडा, 'आमची' लिहा. दोन शब्दांमध्ये काय फरक पडला, हे मुलांना सांगू द्या. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलेलं मूल तो फरक तुमच्यापेक्षा चांगला सांगतं. अर्थ कळल्यावर मग पाठांतर घ्या, हवं तेवढं. पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही, फक्त ते तासाच्या शेवटी यावं, सुरुवातीला नाही.

वर्षाचं गणित आधी मांडून ठेवा. जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कागदावर ८५ च्या आसपास तास दिसतात. परीक्षा, दिवाळी, नाताळ, स्नेहसंमेलन, सहल आणि पावसाच्या सुट्ट्या वजा करून ४५ धरा आणि तेवढंच आखा. ३५ मिनिटांतली पहिली ५ आत येण्यात आणि शांत होण्यात जातात, तेव्हा ३० च धरा. गोष्ट १० मिनिटं, हाताने करायचं काहीतरी १२, बोलणं ५, प्रार्थना ३. गोष्ट लांबली की हाताचं काम कापलं जातं, आणि तिसरीच्या मुलाच्या लक्षात हाताचंच राहतं. घड्याळ तुमच्या समोरच्या भिंतीवर हवं, पाठीमागे नको.

उपासनेचं वर्ष नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं आणि शाळा जूनमध्ये, हा मेळ बसत नाही म्हणून पुष्कळ शिक्षक बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करतात आणि आदाम-हव्वेतच ऑगस्ट उजाडतो. तुम्ही किनाऱ्यावर आहात, जून-जुलैचा फायदा घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी अंगणात, आणि कोळीवाड्यातली मुलं रोज घरी जाळी सांधताना बघतायत. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू याकोब आणि योहानाला बोलावतो तेव्हा ते तरी काय करत होते? जाळीच नीट करत होते. ही गोष्ट डिसेंबरात सांगितली तर पाठ्यपुस्तकातली वाटते, जुलैत सांगितली तर शेजारच्या दादाची. कोळ्यांच्या मुलांना त्या दिवशी बोलू द्या. एरवी ती वर्गात मागे बसतात.

दुसरी गोष्ट पेरणाऱ्याची, मत्तय १३: त्याचं बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं. राबावर भात फेकताना ज्यांनी पाहिलंय त्यांना 'काही बी वाटेवर पडलं' हे समजावून सांगावं लागत नाही. याला एक प्रयोग जोडा. त्यात नेमकं काय फसतं तेही सांगतो.

आइस्क्रीमचे अर्ध्या लिटरचे ४ डबे, बुडाला खिळ्याने पाच-सहा भोकं. भोकं विसरलात तर पावसाळी हवेत बी कुजतं आणि चौघांची गत एकच होते. पहिल्या डब्यात माती ओली करून मुठीने चोपून कडक करा, ही पायवाट. दुसऱ्यात वरपर्यंत खडी आणि तिच्यावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती. तिसऱ्यात हरळीचा मुळांसकट उपटलेला गड्डा, मातीसकट. चौथ्यात वाडीतली भुसभुशीत माती, मूठभर शेणखत घालून, पाच-सहा सेंटिमीटर. प्रत्येकात १० मूग, न भिजवलेले. भिजवलेले मूग वाटेवरही मोड काढतात आणि गोष्टीचा बोऱ्या वाजतो. पाणी रोज ३ चमचे, सगळ्यांना सारखं.

पहिला डबा खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवा. आत ठेवलात तर दाणे तसेच राहतात आणि मुलं म्हणतात, 'टीचर, पाखरं कुठे आहेत?' खडीवरचे मूग दोन-तीन दिवसांत वर येतात, अगदी चांगल्या मातीतल्यांच्या बरोबरीने. इथे नवीन शिक्षक घाबरतात. घाबरू नका, गोष्टीत नेमकं हेच आहे: माती खोल नव्हती म्हणून ते लगेच उगवलं आणि मूळ नव्हतं म्हणून वाळलं. वाळवायला मात्र चारही डब्यांचं पाणी चौथ्या दिवसापासून दिवसाआड करावं लागतं आणि डबे पागोळ्यांपासून लांब ठेवावे लागतात, नाहीतर जुलैच्या दमट हवेत खडीवरचा मूगही ताठ उभा राहतो. फसतो तो तिसरा डबा. मूग जोमदार, हरळीला लवकर हार जात नाही. तिथे चिमूटभर नाचणी पेरा आणि तुलनेला चौथ्यातही चिमूटभर टाका. नाचणीचं रोप नाजूक, हरळीत ते दबतं. त्यालाही तीनेक आठवडे लागतात, तेव्हा जूनअखेर पेरून ठेवा आणि गोष्ट दोन तुकड्यांत सांगा. पहिल्या तुकड्यात पेरणी, दुसऱ्यात तीसपट, साठपट, शंभरपट. एका मुगाच्या झाडाला किती शेंगा, एका शेंगेत किती दाणे, हे मुलांना घरी मोजून आणू द्या.

यानंतर एक चूक हमखास होते. शिक्षक विचारतात, 'तू कोणती जमीन?' हुशार मुलगी म्हणते चांगली, आणि वर्गातल्या दंगेखोराकडे सगळे बोट दाखवतात, हा काटे. तो पुढे वर्षभर काटेच राहतो. माणसं चार प्रकारची असतात असं या गोष्टीत नाही, ऐकणं चार तऱ्हेचं असतं असं आहे, आणि एकाच मुलाचं सकाळी एक आणि दुपारी दुसरं असू शकतं. 'आज कुठल्या वेळी ऐकू येऊनही आत गेलं नाही?' असं विचारा. गणिताचा तास असं उत्तर आलं तर हसून सोडून द्या.

दिवाळीनंतर आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, येतो, तोवर मुलं तुम्हाला ओळखायला लागलेली असतात. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्त काळासाठी एक आठवण आत्ताच वहीत लिहून ठेवा. राखेच्या बुधवारची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या पातींची असते. देवाच्या तसबिरीमागे खोचलेला पातीचा वाळका क्रूस जानेवारीअखेर घरून आणायला सांगा आणि सगळे गोळा करून फादरांकडे पोचवा. आपल्या घरची पात कपाळाला लागली, हे कळलेलं मूल बुधवारी वेगळं उभं राहतं. नवे क्रूस वर्गात करायचे असतील तर कोवळी पिवळसर पात घ्या, मधला हीर काढून टाका, पट्टी दीड-दोन सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब. आदल्या दिवशी कापलीत तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, वाळली की पहिल्याच घडीला फाटते. २४ मुलांसाठी ४० पट्ट्या न्या, फाटाफाटी धरून.

पापनिवेदनाची तयारी चर्चमध्ये होणार असली तरी मुलं तुम्हाला विचारतील. एक पथ्य पाळा: पापं वहीत लिहायला लावू नका. असं करतात ठिकठिकाणी, 'विसरू नये म्हणून'. मग वही आई तपासते, शेजारचा बाकावरून वाचतो, आणि जे फक्त देवासमोर सांगायचं ते वर्गाच्या मालकीचं होतं. फादरांवर गुप्ततेचं बंधन आहे. आत काय सांगितलंस, हे मुलाला तुम्हीही विचारायचं नाही. चांगल्या मनाने विचारत असलात तरी नाही. आणि एखादं मूल घरातलं काही भलतंच तुमच्याजवळ बोललं, कुणी मारतं, कुणी नको तिथे हात लावतं, तर ते पाप नाही, त्या मुलाचा त्यात दोष नाही. ते 'फादरांना सांग' म्हणून टोलवू नका. त्याच दिवशी सिस्टरांकडे जा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. 'आधी आपण शाळेत चौकशी करू' हे त्यात बसत नाही.

परीक्षा. सिस्टरांशी भांडू नका, ५० गुण राहू द्या, वाटणी बदलून मागा: लेखी २०, वही आणि हातकाम १५, तोंडी १५. लेखीत 'हरवलेलं मेंढरू शोधायला गेलेल्या मेंढपाळाने किती मेंढरं मागे ठेवली?' हा प्रश्न एका गुणाला ठीक आहे, ९९. पण चार गुणांचा प्रश्न असा हवा: 'मेंढरू सापडल्यावर त्याने शेजाऱ्यांना का बोलावलं?' तोंडी दोघादोघांची घ्या, एकाने गोष्ट सुरू करायची, दुसऱ्याने संपवायची. लाजाळू मूल असं जास्त बोलतं.

रविवारच्या मिस्साच्या हजेरीला गुण देऊ नका, आणि फादरांच्या सहीचं कार्ड तर मुळीच काढू नका. भाजी-फुलं घेऊन पहाटेची लोकल पकडणाऱ्या आईचं मूल, बाप समुद्रावर असलेलं मूल रविवारी कोणाच्या बोटाला धरून चर्चमध्ये जाणार? कार्ड आलं की सह्या शेजारच्या ताईकडून होतात. धर्मशिक्षणाच्या तासासाठी खोटी सही करायला शिकवणं जरा जास्तच झालं.

तुमच्या ता. क. चं. गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट जरूर सांगा, वसईतच जन्मलेल्या माणसाची गोष्ट वसईत नाही सांगायची तर कुठे? पण सुरुवात क्रूसापासून करू नका. वडील पोर्तुगीज, आई इथली. मुलगा जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि जपानी येत नसलेल्या मिशनऱ्यांचा दुभाषा झाला. घरी एक बोली, शाळेत दुसरी, चर्चमध्ये तिसरी अशा मुलांना दुभाषा म्हणजे काय हे चटकन कळतं. एका मुलाला कादोडी, दुसऱ्याला कोळी, आणि मध्ये तिसऱ्याला दुभाषा करून पाच मिनिटं बोलायला लावा, वर्ग डोक्यावर घेतील. मग नकाशावर वसई आणि नागासाकी दाखवा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना मारलं, त्यांत ते होते, १८६२ मध्ये संत घोषित झाले, इतकं तिसरीला पुरतं. 'कसं मारलं?' असं कुणीतरी विचारणारच. 'येशूसारखं, क्रूसावर' असं सरळ सांगा आणि पुढे चला. भाल्यांची चित्रं मात्र पाचवीपर्यंत कपाटात राहू द्या.